आक्कांची पुस्तिका : प्रकल्प नोंदी, मिरज

२ जून २०२४, रविवार

उपासना संपली आणि मोठ्या पप्पांनी (सासऱ्यांचे थोरले भाऊ) चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं. "सूनबाई, आक्कांच्या स्मरणदिनाला पुस्तिका पाहिजे. तू प्रेसमध्येच आहेस, म्हणजे घरचंच काम." घरचं काम म्हणजे बिल नाही, मुदत मात्र पक्की. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एवढं कळतं.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. गेल्या वर्षी १२ ऑगस्टला गेल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन. स्मरणसभा रविवार बघून ११ ऑगस्टला ठेवलीय. हातात दहा आठवडे.

ठरलं ते असं : डेमी आकार, ६४ पानं, आत ८० जीएसएम मॅपलिथो कागद, कव्हर आर्ट कार्ड, मधली पिन, ५०० प्रती. मोठ्या पप्पांना कापडी बांधणी हवी होती. कोटेशन ऐकल्यावर तेही पिनेवर आले. मधल्या दोन पानांवर मात्र वंशवृक्ष पाहिजेच म्हणाले. "वडाचं झाड काढ, पारंब्यांसकट."

प्रेसमधल्या प्रत्येक जॉबची मी वही घालते, तशीच ही.

५ जून

मजकूर आला. मोठ्या पप्पांची फुलस्केपची अकरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहिल्याच पानावर वाक्य : "सर विल्यम वानलेस यांनी बाळ आक्कांना मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला."

ही गोष्ट मी या घरात आल्यापासून ऐकतेय. नाताळच्या फराळाला करंजीचा पहिला घास घेतला की कुणीतरी ती सांगतंच. आता छापायची म्हटल्यावर तारखा लावून बघितल्या. मिशनरी डॉक्टर वानलेस भारतात आले १८८९ मध्ये, मिरजेच्या दवाखान्याची इमारत उघडली १८९४ मध्ये. सांगलीजवळ ज्याला आपण आजही वानलेसवाडी म्हणतो, तिथलं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम १९२० चं. १९२८ मध्ये त्यांना सर किताब मिळाला, त्याच सुमाराला ते निवृत्त होऊन गेले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. आक्का जन्मल्या १९३२ मध्ये, इस्लामपुरात. मांडी आणि बाळ यांची गाठ पडत नाही.

सिस्टरमावशींना (आक्कांची मधली मुलगी, आईसारखीच नर्स) फोन केला. त्या हसल्या. "अगं, ती आमची आजी. तिचं पोटाचं ऑपरेशन साहेबांनी केलेलं. मांडीबिंडी काही नाही, टेबलावर." म्हणजे गोष्ट खरी, एक पिढी खाली घसरलेली आणि टेबलावरून मांडीवर आलेली.

मोठ्या पप्पांना कसं सांगायचं ते उद्या बघू. निकालाच्या अभिनंदनाचे फ्लेक्स दारात ढिगानं पडलेत, आज डोकं चालत नाही.

११ जून

फोटो. रडायची पाळी आलीय.

आक्कांचे अल्बम सांगलीला आत्यांकडे होते, तळमजल्यावर, लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आत्यांनी अल्बम गच्चीवर वाळवले. तिथंच चुकलं. वाळताना फोटो एकमेकांना असे चिकटले की गठ्ठा विटेसारखा वाजतो.

आज एक गठ्ठा परातीत साध्या पाण्यात भिजत घातला. तासाभरानं कडा सुटायला लागल्या. ओढायचं नाही, पाण्यालाच सोडवू द्यायचं, एवढं पथ्य. ब्लॅक अँड व्हाईट फोटो जवळजवळ सगळे निघाले. पांढरी टोपी घातलेल्या सात शिकाऊ नर्सेस, डावीकडून तिसऱ्या आक्का, साल १९५०, मागं शाईनं लिहिलेलं. रंगीत फोटोंचा रंगच घसरला. मधल्या नणंदेच्या लग्नाचा फोटो हातात आला तेव्हा नवरा-नवरी पाण्यात गुलाबी साय होऊन तरंगत होती. सासूबाई मागं उभ्या होत्या. "ताट बाजूला ठेव बाई," एवढंच म्हणाल्या.

स्कॅन केले : ३१. उपयोगी : २२.

१८ जून

खोट्या गोष्टीची भरपाई खऱ्या गोष्टीनं झाली.

घरात दुसरी एक गोष्ट सांगतात, कोयनेच्या भूकंपात आक्कांनी सगळ्यांना वाचवलं. मी ती आधीच कात्रीत धरून बसले होते. पण ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला पहाटे चार वाजून वीस-एकवीस मिनिटांनी. आणि आक्का रोज चारला उठून प्रार्थनेला बसायच्या, थंडी असो, नाईट ड्युटीवरून आलेल्या असोत. त्यामुळं त्या रात्री गल्लीत जागं माणूस एकच होतं. मांडणीवरचे डबे वाजायला लागले तसा त्यांनी कंदील घेतला, पोरांना चिमटे काढून उठवलं आणि बाहेर पिटाळलं. वाचवलं म्हणावं असं मिरजेत काही पडलं नाही. आमच्या घरातून एक पितळी तांब्या खाली आला, त्याला अजून पोचा आहे. सासरे सांगतात, बाहेर आल्यावर आक्कांनी पोरं मोजली, मग शेजारची पोरंही मोजली, आणि आकडा जुळेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

हे घेतलं. तांब्याचा फोटोही घेतला.

२३ जून, रविवार

वंशवृक्षावरून भांडण. जेवणाच्या ताटावर.

आक्कांची पोटची चार. शिवाय घरात वाढलेली तीन : प्रसूती वॉर्डात आई टाकून गेली ती मुलगी, म्हणजे आमच्या आत्या, ज्यांच्या घरात पूर आला त्याच, आजोबांच्या भावाचा पोरका मुलगा, आणि कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात आईबाप असलेला एक मुलगा, जो पुढं पोस्टमन झाला आणि ज्याला सगळे पोस्टमनमामा म्हणतात. सातही जणं आक्कांना आईच म्हणायची. मी सात फांद्या काढल्या.

मोठे पप्पा म्हणाले, चारच काढ.

सासरे म्हणाले, का?

मोठे पप्पा म्हणाले, वंशावळ छापली की तो कागद होतो. उद्या कुणी ती घेऊन सिटी सर्व्हेत गेलं, तर वारस म्हणून सात नावं लागतील. घर आक्कांच्या नावावर आहे, अजून प्रॉपर्टी कार्ड बदललेलं नाही.

आत्या तिथंच वाढत होत्या. त्यांनी मोठ्या पप्पांना आमटी वाढली, नेहमीसारखी, वरचं तेल बाजूला सारून, कारण त्यांना पित्त होतं. एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या घशाखाली घास जाईना.

माझं माहेर तासगावचं, हिंदू. लग्नाआधी मला 'मंडळी' म्हणजे पाव्हणेरावळे एवढंच माहीत होतं. इथं आल्यावर कळलं, मंडळी म्हणजे चर्च. आज वाटलं, दोन्हीकडची मंडळी उताऱ्यापाशी आली की सारखीच.

मधली दोन पानं कोरी ठेवून पुढं सरकतेय.

३० जून

आक्कांची ट्रंक उघडली. वरती नर्सिंगची बॅज, आजोबांचा लोको शेडचा पास, चष्म्याची चार घरं. तळाशी लाँगबुक वह्या, नऊ. पाठीमागं पाढे छापलेल्या, शाळेच्या.

२०१२ पासून आक्कांना काचबिंदूनं दिसेनासं झालं होतं. पहाटेच्या प्रार्थनेत ज्यांची ज्यांची आठवण करायची ती यादी त्यांना पाठ होती. तरी दरवर्षी नवी वही आणून त्या ती कुणा पोराकडून लिहून घ्यायच्या. एका पानाला एक लिमलेटची गोळी. मग संध्याकाळी दुसऱ्या पोराकडून वाचून घ्यायच्या, सकाळी कोण सुटलं का बघायला. त्यामुळं अक्षरं सतरा प्रकारची. माझ्या लेकीचंही आहे, 'प्रार्थना' मधला र्थ उलटा.

नावं जवळजवळ नाहीतच. शेवटची वही अशी सुरू होते :

"चर्चचं फाटक. पाळकबाईंचा दमा.
गेटमन. त्याचा पोरगा मुंबईला.
चक्की. सुनेला दिवस गेलेत.
नळ. नळावरची भांडणं.
शिंपी. डोळे.
खटलेवाले. त्यांचं बरं होवो, पण वेळानं."

शेवटच्या ओळीला मी एकटीच मोठ्यांदा हसले. खटलेवाले म्हणजे सामाईक भिंतीवरून आक्कांच्या विरुद्ध अकरा वर्षं कोर्टात गेलेलं शेजारचं घर.

याचं काय करायचं? पुस्तिकेत परिशिष्ट घालावं असं वाटतंय. टाइप करायला घेते.

९ जुलै

टाइप झालं, २१४ ओळी. आता अडचण. अकारविल्हे लावलं तर 'चक्की' दोनदा येते, 'नळ' दोनदा येतो, 'पिंपळ' दोनदा. पिंपळासाठी कोण प्रार्थना करतं? विषयवार लावावं, आजारी एकीकडे, परगावचे एकीकडे, तर यादी मरते. रुग्णालयाचं रजिस्टर वाटायला लागतं.

दोन दिवस याच्यातच गेले. दरम्यान लग्नपत्रिकेचे दोन जॉब उशिरा गेले आणि मालकांनी ऐकवलं.

१३ जुलै

उलगडा झाला, आणि माझ्याकडून नाही.

आमच्या प्रेसमध्ये पाने जुळवायला एक पोरगा येतो. पहाटे पेपर टाकतो, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी कॉलेज. मी यादीचं प्रूफ मोठ्यानं वाचत होते आणि तो मूळ वही धरून बसला होता. विसाव्या-पंचविसाव्या ओळीला तो म्हणाला, "ताई, ही लाईन आहे."

"कसली लाईन?"

"पेपरची. माझीच लाईन. फाटकापासून डाव्या हातानं जायचं, पिंपळाला वळायचं, उजव्या हातानं परत यायचं. चक्कीवरनं दोनदा जायला लागतं."

मी प्रूफ खाली ठेवलं. मग आम्ही दोघांनी कच्च्या कागदावर गल्ली काढली आणि ओळी घरांवर लावत गेलो. बसल्या! जाताना डावीकडची घरं, येताना उजवीकडची. आक्का पहाटे अंथरुणावर बसून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, रोज गल्ली चालून यायच्या. पिंपळ, नळ, चक्की ही माणसं नाहीत, वळणं आहेत. रस्ता चुकू नये म्हणून बोट ठेवायच्या खुणा.

आणि पिंपळापासून एक फाटा स्टेशनाकडं जातो. परगावची सगळी माणसं तिथं उभी आहेत, ज्याची त्याची गाडी बघून. "पुण्याची गाडी. धाकटा, बायको, दोन लेकरं." "हुबळीची गाडी. बहीण." "पंढरपूरची लहान गाडी. सांगोल्याची मावशी." मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही रुंदीचे रूळ होते. आजोबा लोको शेडमध्ये फिटर, त्यामुळं घरात हे तोंडपाठ. नॅरोगेज बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, यादीत ती लहान गाडी सुरूच आहे. त्याच्याखाली, "पाण्याची गाडी. लातूरची माणसं." ही ओळ २०१६ च्या वहीत पहिल्यांदा येते. त्या एप्रिलमध्ये इथून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. पुढच्या प्रत्येक वहीत ती आहे. लातूरला नंतर पाऊस झाला हे आक्कांना कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्यांनी ओळ काढली नसावी.

मी कुठं आहे ते शोधलं, खोटं कशाला बोला. तासगावला कुठली आलीय रेल्वे! "यष्टी स्टँड. तासगावची." बस, एवढंच. पुढं आजार नाही, मागणं नाही. मला स्टँडवर उभी करून ठेवलीय.

मधली दोन पानं मिळाली. झाड नाही, नकाशा.

२१ जुलै, रविवार

मोठ्या पप्पांना नकाशा दाखवायचा म्हणजे पोटात गोळा. सांगलीला, विश्रामबागेत त्यांच्या घरी गेले, सासऱ्यांना सोबत घेऊन.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. वंशावळ नाही म्हटल्यावर सुटल्यासारखे वाटले. मग विचारलं, "मी कुठाय?"

मी बोट ठेवलं. पिंपळाच्या अलीकडं, तिकटीवर. "सांगलीचं वडाप. थोरला. त्याचा राग."

सासरे उठून पाणी प्यायला आत गेले. मोठे पप्पा म्हणाले, "हे छापणार?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. काही बोलले नाहीत. चहा झाला, आम्ही निघालो.

आणखी एक गोष्ट त्यांना दाखवली नाही. सगळी गल्ली फिरून यादी परत येते ती शेवटच्या ओळीला, नऊच्या नऊ वह्यांत तीच : "घर. घरातली सगळी." चार नाही, सात नाही. आकडाच नाही.

रात्री साडेदहाला फोन. "छाप. पण त्या ओळीचा पॉइंट बारीक ठेव."

२६ जुलै

पाऊस थांबेना. कोयनेतून विसर्ग, सगळी सांगली दर तासाला आयर्विनचे फूट विचारतेय. आत्यांनी या खेपेला राहिलेले अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे पाठवले. पोस्टमनमामा घेऊन आले, रेनकोटाच्या आतून, जन्मभराच्या सवयीनं कोरडे.

मामांना नकाशा दाखवला. पत्ते वाचणारा माणूस तो. त्यांनी दोन घरं दुरुस्त केली आणि चक्कीपाशी अडले. "चक्की नळाच्या पुढं आहे. इथं आधी आलीय."

पुन्हा सगळ्या वह्या काढल्या. नऊही वह्यांत चक्की आधी, नळ नंतर. मामांनी डोकं खाजवलं. चक्की पूर्वी समोरच्या पडक्या वाड्यात होती, नळाच्या अलीकडं. वाडा पाडला तेव्हा हलवली. तीस वर्षं तरी झाली असतील. आक्कांना तेव्हा दिसत होतं, पीठ त्या नव्याच चक्कीतून आणायच्या. प्रार्थनेत मात्र जुनीच.

मामा म्हणाले, बरोबर करून टाक. मी म्हटलं, राहू दे.

१ ऑगस्ट

संपादनाचे निर्णय, नंतर भांडण नको म्हणून लिहून ठेवते.

आजार, व्यसनं, कुणाच्या सुनेला दिवस गेल्याचं : सगळं काढलं. त्या गोष्टी आक्कांनी देवाला सांगितल्या होत्या, ५०० प्रतींना नाही. मोठ्या पप्पांचा राग : ठेवला, ७ पॉइंटात. खटलेवाले : "त्यांचं बरं होवो" ठेवलं, "पण वेळानं" काढलं. इथं मी आक्कांना होत्या त्यापेक्षा चांगलं दाखवतेय, हे मला कळतंय.

"दहा हजार बाळंतपणं केली" हे वाक्य काढलं. कुणी मोजली?

मांडीचा परिच्छेद बदलून ऑपरेशनाचा केला. मोठ्या पप्पांनी प्रूफावर सही केली, वाचलं की नाही माहीत नाही.

नकाशा ३२-३३ वर, २५ ते ४० चा फॉर्म (एकत्र छापून दुमडायची पानं). बाइंडरला दोनदा बजावलं, पिना घरांवर येऊ देऊ नका.

७ ऑगस्ट

छपाई झाली. कव्हरचा निळा थोडा जांभळ्याकडं गेलाय, मशीनमनशी वाद घालून उपयोग नाही. एक पिन पिंपळावर बसली, दुसरी रेल्वेच्या रुळांवर. चालेल.

एक चूक सापडली, छापून झाल्यावरच सापडते तशी : पान ११ वर नर्सेसच्या फोटोखाली 'उजवीकडून तिसऱ्या' पडलंय. आता आक्कांच्या जागी कुणा दुसऱ्याच बाई कायमच्या. चिकटपट्टी लावायची म्हटलं तर ५०० प्रती. घरच्या पोरांना कामाला लावलं. दर वीस पट्ट्यांना एक लिमलेट.

११ ऑगस्ट, रविवार

सभा झाली. भाषणं लांबली. लोक भाषणाच्या वेळी मधलं पान उघडून बोटानं आपलं घर शोधत होते. पाळकांनी दोनदा मंचावरून शांत राहायला सांगितलं.

चक्कीवाले येऊन म्हणाले, आमची चक्की चुकलीय. त्यांना एका बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, त्या वाड्यातच आमचा बाप वारला होता. आणि आणखी एक प्रत मागून घेतली.

आत्या जेवणाच्या पंगतीत वाढत होत्या. मोठे पप्पा त्यांच्या हातातली बादली घ्यायला गेले, त्यांनी दिली नाही. दोघं थोडा वेळ एकच बादली धरून उभे होते. वारसनोंदीचं काही बोलणं झालं नाही.

हिशेब : वाटल्या ४५९, खराब ३, शिल्लक ३८. खटलेवाले आले होते, मागच्या बाकावर बसले. जाताना दोन प्रती नेल्या. प्लेटा रद्दीत टाकायच्या नाहीत, मामा म्हणतात शिंप्याचं घरही एक दार पुढं आहे.